एकशे बारा बिया

(स्नेहमेळाव्यातील भाषण. बोलले तसेच उतरवून दिले आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचं जग’. मी सॉफ्टवेअरवाली, मला दुसरं काय देणार? मी म्हटलं, त्यावर बोलणारे रोज मोबाईलवर भेटतात, मला मिरचीवर बोलू द्या. फोनवर जरा वेळ शांतता. मग पलीकडून विचारणा, “मिरची म्हणजे आपली खायची?” हो, खायचीच. त्यातही तिचं बी घरात, थंड आणि दमट हवेत कसं उगवायचं, एवढंच. संयोजक भले माणूस, पंधरा मिनिटं दिली. वर म्हणाले, “पण रडायचं नाही हं.” बघू.

तुम्ही म्हणाल, मिरची उगवायला काय लागतं? गडहिंग्लजच्या बाजारात मिरचीचे ढीग बघत आपण मोठे झालो. सौदे चालू असताना शिंकत शिंकत शाळेत यायचो. आपल्याकडे उकिरड्यावर फेकलेल्या मिरचीतून रोप येतं. पण मी २०१४ पासून एडिंबरोला राहते. ते स्कॉटलंडमध्ये आहे, साधारण ५६ अक्षांशावर. डिसेंबरअखेर दिवस जेमतेम सात तासांचा, आणि जूनमध्ये साडेसतरा तासांचा. आमचं घर जुन्या दगडी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. खिडक्या एकेरी काचेच्या. बाहेर कपडे वाळत नाहीत म्हणून ते घरातच दोरीवर, आणि त्यांचा सगळा ओलावा भिंतींना. सकाळी खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत असतं, मी ते रोज फडक्यानं पुसते. जून महिन्यात आंबोलीत घर कसं वाटतं ते आठवा, आणि त्यातून वीस अंश वजा करा.

माझ्या आईला तुमच्यातले बरेच जण ओळखायचे. शाळेच्या मागच्या गल्लीत आमचं घर, आणि मागं परडं. मधल्या सुट्टीत तिथं येऊन पेरू तोडणारे निम्मे लोक आज समोर बसलेत. त्या परड्यात आई दरवर्षी मिरची लावायची. पाचपंचवीस झाडं, पण वर्षाची चटणी त्यातूनच व्हायची, कमी पडलीच तर बाजारातून संकेश्वरी आणायची. आमच्या मिरचीला घरात नुसतं ‘जवारी’ म्हणायचे. जवारी म्हणजे गावठी, त्यामुळं नावावरून काहीच कळत नाही. बी घरचंच. दरवर्षी पहिल्या तोड्यातल्या चांगल्या मिरच्या झाडावरच पिकवायच्या, वाळवायच्या, आणि त्यांचं बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायचं. तिच्या सासूनंही तसंच केलं होतं.

जानेवारी २०२० मध्ये मी आले होते. जाताना आईनं फोडणीसाठी म्हणून वाळलेल्या मिरच्यांची एक बरणी दिली. मी नेली आणि पुढं वर्षभर फोडणीत टाकली. आई गेली २०२१ च्या एप्रिलमध्ये. प्रवासावर निर्बंध होते, मला येता आलं नाही. पुढच्या वर्षी भावानं घर पाडून नवीन बांधलं. परड्यात आता फरशी आहे आणि गाडी उभी असते. त्याला मी दोष देत नाही, घर खरंच पडायला आलं होतं. गाडग्याचं काय झालं, ते मी विचारलं. कुणाच्या लक्षात नव्हतं.

मग एके दिवशी भाजीला फोडणी देताना बरणीत हात घातला आणि बोटांना बरणीचा तळ लागला. आत तीन मिरच्या उरल्या होत्या. तेल तापलेलं होतं. मी गॅस बंद केला.

तीनपैकी एक आतून काळी पडली होती. आमच्या दमट स्वयंपाकघरात वाळली मिरचीही ओल धरते आणि बुरशी येते. उरलेल्या दोन मी पांढऱ्या कागदावर फोडल्या. आपल्या शास्त्राच्या बाई म्हणायच्या, आधी मोजा, मग बोला. मोजल्या. फिकट, चपट्या बाजूला काढल्यावर एकशे बारा बिया भरल्या.

आता इथं थोडं शास्त्र. मिरचीचं बी साध्या घरगुती ठेवणीत दोनतीन वर्षं चांगलं उगवतं, मग दर वर्षी उगवण घटत जाते. उष्णता आणि ओल हे त्याचे दोन वैरी. म्हणजे माझ्याकडे एकशे बारा संधी होत्या, आणि घड्याळ चालू होतं. शहाण्या माणसानं काय केलं असतं? आधी दुकानातून दुसऱ्या मिरच्या आणून त्यांच्या बियांवर सराव केला असता. मी इंजिनिअर. कामावर रोज सांगते की खऱ्या डेटावर प्रयोग करू नका. घरी तेच केलं.

मार्च २०२२ मध्ये पहिल्या चाळीस बिया पेरल्या. छोट्या कुंड्या, विकतची माती, वर पातळ प्लास्टिक ताणून लावलेलं. सगळ्यांत जास्त उजेड खिडकीत, म्हणून कुंड्या खिडकीच्या दगडी कट्ट्यावर. आणि खोलीचं तापमान नि आर्द्रता मोजायला एक छोटा सेन्सर, दर पाच मिनिटांनी नोंद करणारा, मोबाईलवर आलेख काढणारा. आलेख सुंदर होता. दिवसा एकोणीस, रात्री पंधरा. फार नाही, पण मिरची येईल इतपत, असं मला वाटलं.

तीन आठवडे झाले, काही नाही. चार झाले. एक कोंब आला, तोही पिवळट, आणि दोन दिवसांत गेला. शेवटी मी माती उकरली. बिया तिथंच होत्या. चिमटीत धरल्या तर साबुदाण्यासारख्या फुटल्या.

त्या रात्री आपल्या वर्गाच्या ग्रुपवर फोटो टाकला. पन्नास जणांनी हळहळ व्यक्त केली. आपल्यातल्या ज्याची आज रोपवाटिका आहे, जो मागच्या रांगेत बसलाय आणि नाव घेतलं तर उठून जाईल म्हणून मी घेत नाही, त्यानं एकट्यानं फोन केला. मी त्याला आलेख वाचून दाखवला. तो म्हणाला, “ते यंत्र कुठं ठेवलंयस?”

“पुस्तकांच्या कपाटावर.”

“आणि कुंड्या?”

“खिडकीत.”

“मग तू पुस्तकांचं तापमान मोजतीस, बाई. कुंडीत बोट घालून बघ की.”

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला बोट घातलं. बर्फ नव्हता, एवढंच. मग सेन्सर बदलला, मातीत खुपसता येणारा आणला. पहाटेचं मातीचं तापमान साडेनऊ अंश. कारण शोधायला तसा वेळ लागला नाही, आणि ते कळल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. रात्री आम्ही थंडी आत येऊ नये म्हणून खिडकीचा जाड पडदा ओढतो. म्हणजे पडद्याच्या अलीकडे ऊबदार खोली, आणि पलीकडे थंड काच, थंड दगड, नि त्या दोहोंमध्ये माझ्या कुंड्या. घरातल्या सर्वांत थंड जागी मी आईचं बी ठेवलं होतं. सेन्सर खोटं बोलत नव्हता. मीच त्याला भलताच प्रश्न विचारला होता.

मिरचीच्या बियांना हवेच्या तापमानाशी देणंघेणं नसतं, मातीच्या असतं. माती तीसच्या आसपास असेल तर आठदहा दिवसांत कोंब वर येतो. वीसला दोन आठवडे लागतात. पंधराला साडेतीन आठवडे, आणि दहाला येतच नाही. हे आकडे बियाण्यांच्या कुठल्याही तक्त्यात मिळतात. मला ते पेरण्याआधी बघता आले असते. शिवाय थंडीत बी नुसतं उशीर करत नाही. ओल्या थंड मातीत ते पाणी पिऊन फुगून बसतं, पुढं सरकत नाही, आणि तेवढ्यात बुरशी त्याला गाठते.

उरलेल्या बहात्तर बिया मी काचेच्या छोट्या बाटलीत, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुडीसकट, घट्ट झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवल्या. झाकणावर लिहिलं, ‘खायचं नाही’. नवऱ्यानं विचारलं, हे कुणासाठी? मी म्हटलं, तुझ्यासाठीच.

फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसरी खेप. परत चाळीस. या वेळी खाली विजेवर गरम होणारी चटई, मातीत सेन्सर, सत्तावीसला चालू आणि एकोणतीसला बंद. वर पारदर्शक झाकण. नवव्या दिवशी पहिली मान वर आली. मिरचीचं रोप येताना सरळ येत नाही. आधी पांढरी वाकलेली मान दिसते, दोरा सुईत ओवताना वळतो तशी, मग ती सरळ होते आणि टोपी टाकून दोन दलं उघडतात. कधीकधी टोपी अडकते. ओल्या बोटानं जरा भिजवून ठेवायची, ओढायची नाही. दोन आठवड्यांत चौदा रोपं झाली. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून त्यांच्याकडं बघत बसायचे.

मला वाटलं, बाळं नाजूक आहेत, ऊब आणि दमटपणा त्यांना मानवलाय, झाकण राहू दे. चौथ्या दिवशी सकाळी तीन रोपं आडवी. वर पानं हिरवीगार, टवटवीत, आणि मातीला टेकते तिथं देठ दोऱ्यासारखं बारीक, करपटलेलं. संध्याकाळपर्यंत सात. आठवडाअखेर दोन उरली, तीही उजेडाला हपापून लांबच लांब वाढलेली, एक धक्क्यानं मोडलं आणि एक आपोआप झोपलं. रोपवाटिकेतले लोक याला ‘रोपं कोलमडणं’ म्हणतात, मर म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया असल्या मातीतल्या बुरश्या ते करतात. त्यांना लागतं काय? सतत ओली माती, कोंदलेली हवा, कमी उजेड. मी तिन्ही पुरवलं होतं, विजेचं बिल भरून.

मागच्या रांगेला परत फोन. तो एवढंच म्हणाला, “तुझी आई गादीवाफा का करायची, आठवतंय?”

आणि मला लख्ख आठवलं. आई रोहिण्यांमध्ये परड्याच्या कोपऱ्यात वीतभर उंच वाफा करायची, पाणी तुंबू नये म्हणून. बी राखेत घोळून ओळीनं पेरायची, दाट नाही. वर गवताचा पातळ थर. झारीनं पाणी. रोज सकाळी गवत बोटानं उचलून बघायची, आणि मान दिसली की त्याच संध्याकाळी सगळं गवत काढून टाकायची. संध्याकाळीच, म्हणजे कोवळ्या रोपांवर एकदम ऊन येत नाही. मी दहाबारा वर्षांची असेन, एकदा मी विचारलं होतं, आज राहू दे की, पाऊस आला तर? ती म्हणाली, “आता पांघरूण घातलं तर गुदमरतील.” माझ्या डोक्यात ते वाक्य तीस वर्षं होतं. इंटरनेटवर मी चार महिने शोधत होते.

उगवण्यासाठी जे लागतं तेच उगवल्यावर मारतं, ही यातली खरी अडचण. मातीत असताना बियाला ऊब आणि दमटपणा हवा. मान वर आली की त्याच दिवसापासून हवा, उजेड आणि वरून कोरडी माती हवी. कोरड्या देशात झाकण काढायला दोन दिवस उशीर झाला तर चालून जातं. आमच्यासारख्या ओलसर घरात नाही चालत.

फेब्रुवारी २०२४. शेवटच्या बत्तीस बिया, चार वर्षं जुन्या. मी आधी दुकानातल्या मिरच्यांच्या बियांवर दोन वेळा सराव केला. (बाई, उशिरा का होईना.) मग या बत्तीस पहिल्यांदा मातीत घातल्याच नाहीत. कोमट पाण्यात रात्रभर भिजवल्या, ओल्या कागदाच्या घडीत ठेवल्या, घडी डब्यात, डबा चटईवर, मध्ये लाकडाची फळी. कागद ओला हवा, पाणी निथळता कामा नये. रोज झाकण उघडून हवा द्यायची. यात फायदा असा की कोणती बी जिवंत आहे ते दिसतं आणि मातीत आंधळं थांबावं लागत नाही. सातव्या दिवशी पहिलं मूळ दिसलं. शेवटचं एकोणिसाव्या दिवशी, मी डबा फेकायच्या बेतात असताना. एकूण आठ.

मूळ तीळभर लांब झालं की चिमट्यानं उचलून एकेक बी स्वतंत्र कुंडीत. मुळाला चिमटा लावायचा नाही, बियाच्या टरफलाला धरायचं. माती म्हणजे धुतलेलं कोकोपीट आणि परलाइट, खत अजिबात नाही, सगळं नवीन. जुन्या कुंड्या गरम पाण्यानं आणि साबणानं घासलेल्या. मान सरळ झाली त्या संध्याकाळी झाकण काढलं. हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू. झाकण काढलं की ओल्या मातीतलं पाणी उडतं आणि ती मडक्यासारखी थंड पडते, सेन्सरवर ते तासाभरात दिसलं, म्हणून चटई एकदम बंद न करता माती वीसबावीसवर राहील अशी ठेवली. पाणी वरून घालणं बंद. कुंड्या ताटलीतल्या पाण्यात अर्धा तास ठेवायच्या, उरलेलं ओतून द्यायचं, आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागेपर्यंत परत नाही. वजन हातानं बघायचं. सेन्सर आता होता, पण मी हातावर विश्वास ठेवला.

उजेडाला खिडकीचा नाद सोडला. आमच्याकडचा फेब्रुवारीतला उजेड मिरचीला पुरत नाही. पांढऱ्या एलईडीची पट्टी रोपांच्या वर वीतभर, रोज सोळा तास. आणि हवेसाठी जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा. तो बारा व्होल्टचा, मी पाचवर चालवला, म्हणजे पानं नुसती हलतील इतकाच वारा. वाऱ्यानं मातीचा वरचा थर सुकतो आणि देठही जाड होतो. आयुष्यभर जे शिकले त्यातला एवढाच पंखा मिरचीच्या उपयोगी पडला.

आठपैकी एक मातीतून वर आलंच नाही. एक आलं पण दोन दलांच्या मध्ये पुढचा कोंबच नव्हता, जुन्या बियांत असं होतं. सहा वाढली. मेमध्ये मोठ्या कुंड्यांत गेली, पण घरातच. एक कारण तिथली थंडी, रात्री मेअखेरपर्यंत भरवसा नसतो. दुसरं कारण सांगते. मी नेल्या त्या फोडणीच्या मिरच्या होत्या, बी म्हणून नेल्या नव्हत्या. बियांतून रोग देशोदेशी जातात, त्यावर नियम आहेत आणि ते बरोबर आहेत. म्हणून ही झाडं मी घराबाहेर काढली नाहीत, कुणाला दिलीही नाहीत.

घरात मधमाशी कुठली? फूल उमललं की मी सकाळी झाड हलकेच टिचकीनं हलवायचे, आणि रंगाच्या बारीक ब्रशनं या फुलातून त्याच फुलात. मिरची स्वतःच्या परागावर धरते. ऑगस्टमध्ये पहिली मिरची लागली. लाल व्हायला ऑक्टोबर उजाडला. सहा झाडांच्या मिळून एक्केचाळीस. आपल्याकडं एका झाडाला याहून जास्त लागतात, हसू नका.

पहिली लाल मिरची मी मोडून जिभेला लावली. आईच्या चटणीचा वास आला, आणि लगेच डोळ्यांतून पाणी आलं. संयोजकांना सांगते, ते तिखटानं.

आता माझं आजचं काम. आज माझ्याकडं एडिंबरोच्या फ्रीजमध्ये त्या मिरचीच्या चारशेवर ताज्या बिया आहेत. इथं एकही आणलेली नाही. भारतात बी आणायचं तर आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. खिशातून पुडी आणली असती तर कुणाला कळलं नसतं, असं इथं येताना मला दोघांनी सांगितलं. पण मागच्या रांगेतल्याच्या रोपवाटिकेत लाखभर रोपं असतात, आणि माझ्या हौसेपायी त्यात परका विषाणू शिरला तर मी त्याला तोंड कसं दाखवू?

म्हणून तुम्हाला विचारते. आई दरवर्षी उरलेली रोपं गल्लीत वाटायची, ओल्या फडक्यात गुंडाळून, पाचपाच. तुमच्यातल्या कुणाच्या आईनं, आजीनं ती लावली असतील आणि बी धरलं असेल, तर ही मिरची कदाचित इथंच कुणाच्या परड्यात असेल. माश्यांनी शेजारच्या मिरचीचे पराग आणून ती थोडी बदलली असेल, तरी हरकत नाही. खूण सांगते. मिरची बोटभर लांब, खाली लोंबणारी, शेंड्याला गळासारखी वळलेली. पिकल्यावर गर्द लाल, वाळल्यावर सुरकुत्या आडव्या पडतात. झाडाच्या पेऱ्यांवर जांभळी रेघ असते, कोवळ्या रोपातच दिसते. कुणाकडं दिसली तर मला पेऱ्याचा फोटो पाठवा. आणि त्या झाडाची पहिल्या तोड्यातली एक चांगली मिरची तोडू नका, झाडावरच पिकू द्या. मी १९ तारखेपर्यंत भावाकडं आहे. त्यानंतर मागच्या रांगेत द्या, तो पेरेल. आत्ताच विचारलंय त्याला, मान हलवतोय.